परतीचे तिकीट आधी

खेळ पाहण्यासाठी परगावी जाणे ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडासाठी दोन-दोन गावे ओलांडून जाणारी माणसे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत घरोघरी होती. आपल्या तालमीचा मल्ल दुसऱ्या गावच्या फडात उतरणार असला, की त्याच्या मागे निम्मे गाव निघे. भाकऱ्या बांधून घेतलेल्या असत, बैलांची वैरण गाडीतच असे. आणि अंधार पडण्यापूर्वी कोणता ओढा ओलांडायचा, रात्र झालीच तर कोणाच्या ओसरीवर पथारी टाकायची, हे म्होरक्याने निघण्यापूर्वीच ठरविलेले असे. कुस्ती चितपट होवो की बरोबरीत सुटो, माणसे सुखरूप घरी पोहोचतील याची तजवीज आधी झालेली असे.

ही आठवण आज काढण्याचे कारण फुटबॉल हे आहे. सिल्वाशातील आपल्या कुटुंबांतली मुलेमुली आता या खेळाच्या नादी लागली आहेत आणि कधी अंधेरीला, कधी नव्या मुंबईला, तर कधी थेट गोव्यातील फातोर्ड्याला जाऊन सामना पाहण्याचे बेत घराघरांत शिजू लागले आहेत. त्यावरून थोडेफार वादही झडतात. मुले म्हणतात, ‘सगळे जात आहेत, आम्हीच का नको?’ वडील मंडळी म्हणतात, ‘पडद्यावर घरबसल्या दिसतो, तो पाहण्यासाठी रात्रीबेरात्री वणवण कशाला?’ दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. आमचे मत विचाराल तर मुलांनी जावे, असेच आम्ही म्हणू. मात्र बेत आखताना मुले ‘कसे जायचे?’ या प्रश्नापासून आरंभ करतात, तेथे आमचा मतभेद आहे. पहिला प्रश्न ‘कसे परतायचे?’ हा असावा. त्याचे उत्तर कागदावर उतरले, की उरलेला बेत आपोआप सरळ होतो.

फुटबॉलमध्ये यजमान संघ आणि पाहुणा संघ असा भेद मोठा मानतात. यजमानाला मैदान ओळखीचे असते, प्रेक्षक आपले असतात. पाहुण्या संघामागे येणारे प्रेक्षक थोडे, आणि तेही बहुधा एका कोपऱ्यात बसलेले. कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या माणसाला हा भेद तितकासा जाणवत नसेल. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे सारे संघ एकाच शहरातल्या पेठांचे, आणि सामना शाहू स्टेडियमवर. जेवून निघावे, सामना पाहावा, वाद घालत घालत पायी घरी यावे. सिल्वासेकरांचे तसे नाही. आयएसएल या देशातील मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत आपल्या प्रदेशाचा एकही संघ नाही. मुंबईच्या संघाला आपण आपला म्हणतो. पण त्याच्या घरच्या मैदानावर जायचे, तरी आपल्याला वापी गाठून दीडशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. आपल्यासाठी प्रत्येक सामना परगावचाच. म्हणून परगावी जाण्याची विद्या आपण इतरांपेक्षा अधिक काळजीने शिकली पाहिजे.

या विद्येला आपल्या देशात जुनी परंपरा आहे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट समोरासमोर आले. त्या सामन्यासाठी रेल्वेने खास गाडी सोडली होती, नदीतून जादा आगबोटी धावल्या होत्या, आणि बंगालच्या खेड्यापाड्यांतूनच नव्हे तर आसाम व बिहारमधूनही लोक आले होते. मैदानाजवळ पोहोचलेल्या हजारोंना खेळ दिसतच नव्हता. त्यांच्यासाठी पतंग उडवून त्यावर गोलांची संख्या दाखविण्यात येत होती. बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानने तो सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. पतंगावरचा आकडा पाहून परतलेल्या माणसाला ‘तू सामना पाहिलास का?’ असे विचारले असते, तर त्याने निःशंकपणे ‘हो’ म्हटले असते, असे आम्हाला वाटते. पडद्यावर स्पष्ट दिसत असतानाही मुलांना प्रत्यक्ष का जावेसे वाटते, याचे उत्तर त्या पतंगात आहे. हजारो अनोळखी माणसांनी एकाच क्षणी श्वास रोखून धरणे हा अनुभव घरच्या कोचावर मिळत नाही.

आता बेताकडे वळू. पहिली अडचण तारखेची. लग्नाची तिथी एकदा छापली की सहसा बदलत नाही. सामन्याची तारीख व जागा मात्र छापल्यावरही बदलते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपान्त्य सामना गुवाहाटीला २५ ऑक्टोबरला व्हायचा होता. पावसाने तेथील मैदान खराब झाले आणि अवघे दोन दिवस आधी, २३ तारखेला, तो सामना कोलकात्याला हलविण्यात आला. गुवाहाटीची तिकिटे काढून बसलेल्यांच्या मनाची कल्पना करावी. सामन्याच्या तिकिटाचे पैसे आयोजक परत देऊ शकतात. पण रेल्वेचे भाडे, राहण्याची आगाऊ रक्कम आणि मागून घेतलेली रजा कोण परत देणार? पुढे २०२५ साली तर आयएसएलचा हंगाम सप्टेंबर उजाडला तरी सुरूच झाला नाही. स्पर्धा भरविण्याच्या करारावरूनच घोळ पडला होता. तेव्हा बेत करताना दोन कलमे आधीच लिहून ठेवावीत : सामना पुढे गेला तर काय, आणि रद्द झाला तर काय. राहण्याची जागा अशी घ्यावी, की ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करता येईल. आणि ज्यांच्याकडे रजेचे दिवस मोजकेच आहेत, त्यांनी सर्वांत शेवटी होकार द्यावा. त्यात कमीपणा नाही.

आपल्याकडे ही रजेची बाब विशेष नाजूक आहे. सिल्वासा हे कारखान्यांचे गाव. मसाट, रखोली, खडोलीपासून समरवरणीपर्यंत जेथे तेथे पाळ्यांचे काम, आणि साप्ताहिक सुटी प्रत्येकाची रविवारीच येईल असे नाही. सामने मात्र पुष्कळदा आठवड्याच्या मधल्याच वारी आणि संध्याकाळी साडेसातला असतात. चौघांचा गट जमवायचा म्हणजे चार पाळ्यांचा मेळ घालायचा. रात्रपाळी करून तसाच प्रवासाला निघालेला मुलगा सामन्याच्या मध्यंतरात पेंगतो, एवढ्यावर भागले तर ठीक. तोच मुलगा परतीला वाहन चालविणार असेल, तर त्या गटात आपला मुलगा नसावा, असे प्रत्येक आईला वाटणे स्वाभाविक आहे.

दुसरी गोष्ट मार्गाची. गोव्याचे आणि आपले नाते जुने. १९५४ पर्यंत आपल्यावर आणि १९६१ पर्यंत गोव्यावर एकाच परक्या सत्तेचा अंमल होता. परंतु तेथे जाणे आपल्या वडिलांच्या पिढीला आजच्याइतके सोपे नव्हते. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८ साली. त्याआधी मुंबईहून बोटीने किंवा रात्रभर घाटातून चालणाऱ्या बसने जावे लागे. आता गुजरातेतून दक्षिणेकडे जाणाऱ्या काही गाड्या वसई रोडवरून पनवेलकडे वळतात आणि कोकणातून मडगावला पोहोचतात. फातोर्ड्याचे मैदान मडगाव शहराला लागूनच आहे. ऐकताना हे फार सोयीचे वाटते. परंतु यांतील बऱ्याचशा गाड्या आठवड्यातून एखाद-दोन दिवसच धावतात, आणि प्रत्येक गाडी वापीला थांबतेच असे नाही. जाण्याच्या दिवशी थेट गाडी मिळाली, म्हणून परतीच्या दिवशीही मिळेल, हा समज मोडून टाकावा. नेमका येथेच बेत फसतो. थेट परतीची गाडी नसेल तर मडगावहून मुंबईला रोज येणाऱ्या गाड्यांपैकी एक धरावी, आणि मुंबईत गाडी बदलून वापीस यावे. गाडी बदलताना मध्य रेल्वेच्या स्थानकावरून पश्चिम रेल्वेच्या स्थानकावर जावे लागते. त्यासाठी सामानासह दोन-अडीच तासांची फट ठेवावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक निराळे असते व गाड्या सावकाश चालतात, हेही विसरू नये.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या दिवसाच्या साठ दिवस आधी खुले होते; पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. त्यामुळे ज्या दिवशी सामन्यांचे वेळापत्रक जाहीर होते, त्याच दिवशी गटातल्या एकाने परतीच्या गाडीत जागा आहे का, हे पाहावे. ती मिळाली, तर जाण्याची काढावी. दोन्ही मिळाल्यावर सामन्याचे तिकीट. मुले हा क्रम नेहमी उलटा करतात : आधी सामन्याचे तिकीट घेतात, मग जाण्याचे, आणि परतीचे ‘बघू तेव्हा’ म्हणून सोडून देतात. प्रतीक्षायादीतल्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. दिवसभराचा प्रवास, सामन्याचा आरडाओरडा आणि जागरण यांनंतर साध्या डब्याच्या दारात उभे राहून रात्र काढण्याची पाळी आली, की उत्साहाचे रूपांतर चिडचिडीत व्हायला वेळ लागत नाही.

अंधेरीच्या सामन्याचे गणित निराळे आहे. जवळ असल्याने मंडळी ते सोपे समजतात. सकाळी सुरतेहून येणारी फ्लाईंग राणी वापीहून मुंबईला नेते, हे आपल्यापैकी कितीतरी जणांना पाठ आहे. तिच्या दुमजली डब्यांच्या आठवणीही पुष्कळांच्या मनात असतील. १९७९ साली आलेले ते डबे २०२३ च्या जुलैत निवृत्त झाले. पण ही गाडी सायंकाळीच परत फिरते, आणि सामना तर त्यानंतर सुरू होतो. साडेसातचा सामना साडेनऊला संपला, असे धरले तरी मैदानातून बाहेर पडणे, रिक्षा मिळणे आणि स्थानक गाठणे यांत तासभर सहज जातो. मग रात्रीची कोणती मेलगाडी बोरिवलीला थांबते आणि तीच वापीलाही थांबते का, हे आधीच पाहून ठेवलेले हवे. लोकल फार तर डहाणू रोडपर्यंत आणून सोडते. तेथे मध्यरात्री उतरून पुढे काय करणार? सिल्वाशाला नेणारे वाहन त्या वेळी मिळेल, या भरवशावर राहू नये. याहून सरळ उपाय म्हणजे मुंबईत एखाद्या आप्ताकडे मुक्काम करून पहाटे निघणे. आपल्यापैकी कोणाचे मुंबईत कोणी नाही, असे घर विरळाच. पत्र नाही तर निदान फोन करून, चार दिवस आधी कळवून, किती जण येणार आणि जेवायला थांबणार की नाही, हे सांगितले, तर कोणती आत्या किंवा मामी नाही म्हणेल?

परतीचा बेत पक्का असण्याने जिवाची काळजी मिटते, आणि त्याखेरीज खेळही पुरता पाहायला मिळतो. २४ एप्रिल २०२४ चा फातोर्ड्यावरचा सामना घ्या. एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी, उपान्त्य फेरीचा पहिला सामना, वार बुधवार. नव्वदावे मिनिट येईतो गोव्याचे दोन गोल होते आणि मुंबईचा एकही नव्हता. मुंबईच्या मागून आलेल्या प्रेक्षकाने त्या घटकेला घड्याळ पाहिले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. आणि मग मिझोरमच्या लालियानझुआला छांगटेने एक गोल केला, लगेच विक्रम प्रताप सिंगने दुसरा, आणि जादा वेळाच्या अखेरीस पुन्हा छांगटेने तिसरा. सहा-सात मिनिटांत शून्य-दोनचे तीन-दोन झाले. पुढे मुंबईने ती स्पर्धाही जिंकली. गाडी चुकेल, रिक्षा मिळणार नाही, या धास्तीने जो अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला उठला असेल, त्याने तिकिटाचे पैसे भरले, दोन दिवसांची रजा घालवली आणि जे पाहण्यासाठी आला होता, नेमके तेवढे सोडून इतर सर्व पाहिले. ज्याची रात्रीची खोली मडगावात ठरलेली होती, तो मात्र शेवटपर्यंत बसला. खोलीचे भाडे त्या मिनिटांसाठी असते, हे हिशेब मांडताना ध्यानात घ्यावे.

आता आम्हाला जी गोष्ट मनापासून सांगावयाची आहे, तिच्याकडे येतो. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यालाच आयएसएलचा अंतिम सामना होता. केरळ ब्लास्टर्स आणि हैदराबाद. करोनाच्या दोन वर्षांनंतर मैदान प्रेक्षकांसाठी खुले झाले होते आणि केरळातून लोकांची रीघ लागली होती. त्यांत मलप्पुरम जिल्ह्यातील दोन तरुण मोटारसायकलवरून निघाले होते. गोवा तेथून शेकडो किलोमीटर. कासरगोड जिल्ह्यात एका लॉरीशी त्यांच्या गाडीची धडक झाली आणि ते दोघेही गेले. सामना अजून सुरूही व्हायचा होता. त्या संध्याकाळी कोण जिंकले, कोण हरले, याला त्या दोन घरांत काय अर्थ उरला असेल?

आपला रस्ताही काही कमी निष्ठुर नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला निघाले होते. उदवाडा म्हणजे वापीच्या शेजारचेच गाव. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मोटार कठड्याला धडकली. मागच्या आसनावरचे दोघे जागीच गतप्राण झाले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मोटार उत्तम होती, वेळ दुपारची होती. सामन्याला निघालेल्या आपल्या मुलांची गाडी त्याच पुलावरून जाते, आणि परत येते ती मध्यरात्रीनंतर. म्हणून आम्ही दोन गोष्टींवर हट्टच धरू. मोटारसायकलने मुंबईच्या पलीकडे जायचे नाही. आणि मोटार नेलीच, तर सामन्याच्या रात्री ती परतीला हाकायची नाही. मागच्या आसनावरच्यांनीही पट्टा लावायचा. घरच्यांनी परवानगी देताना ‘जपून जा’ असे मोघम म्हणण्याऐवजी या अटी स्पष्ट घालाव्यात. मोघम उपदेश कानाआड करता येतो, ठरलेली अट मोडताना मनुष्य क्षणभर तरी थांबतो.

कोणासाठी जायचे, हाही विचार बेतात असावा. एखाद्या जगप्रसिद्ध खेळाडूच्या दर्शनासाठी म्हणून पैसे साठवून निघणाऱ्यांची निराशा होण्याचा संभव फार. २०२३ साली सौदी अरेबियाचा अल हिलाल संघ नव्या मुंबईत मुंबई सिटीशी खेळावयास आला. गटवारी जाहीर झाली, तेव्हा नेमार येणार म्हणून एकच गलबला झाला. ऑक्टोबरात देशासाठी खेळताना नेमारचा गुडघा दुखावला आणि ६ नोव्हेंबरला संघ आला तो त्याच्यावाचून. पुन्हा २२ ऑक्टोबर २०२५ रोजी अल नस्र हा संघ फातोर्ड्याला एफसी गोव्याशी खेळला. रोनाल्डो आलाच नाही. पण त्या सामन्यात गोव्याच्या बाजूने एक गोल झाला, आणि तो केला गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने. गोवा हरला, दोन विरुद्ध एक. तरी एवढ्या बलाढ्य संघाच्या जाळ्यात आपल्या मातीतल्या मुलाने चेंडू धाडलेला ज्यांनी पाहिला, त्यांची खेप वाया गेली असे कोण म्हणेल? खेळ पाहायला गेलेल्याच्या पदरी काही ना काही पडते. केवळ मूर्तीच्या दर्शनाला गेलेल्याला दार बंद सापडले, की तो पायरीवरूनच परततो.

परक्या मैदानावर कसे वागावे, हे खरे तर आपल्या लोकांना सांगण्याची गरज पडू नये. पाहुण्याची रीत आपण घरीच शिकतो. तरी गर्दीत शहाणी माणसेही बदलतात. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा प्रेक्षक मरण पावले. ती सारी माणसे खेळ पाहायला घरून निघालेली होती. तेव्हा तिकीट काढताना पाहुण्या प्रेक्षकांसाठी वेगळा भाग ठेवला असेल तर तेथलेच काढावे. यजमानांच्या घोळक्यात मिळाले असेल, तर संघाचा रंग अंगावर घालून मिरवू नये. जिंकलो तर मैदानाबाहेर गाजावाजा करू नये, हरलो तर वाद वाढवू नये. आत शिरतानाच बाहेर पडण्याचे दार पाहून ठेवावे, आणि चुकामूक झाली तर कोठे भेटायचे, ती जागा ठरवावी. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून मुक्कामाचा पत्ता आणि दोन फोन क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात असावेत. मैदानात काय नेऊ देत नाहीत, हे तिकिटासोबत दिलेले असते. ते वाचल्यावर सामान मुक्कामीच ठेवता येते.

गोव्याहून परतताना एका मोहापासून सावध करणे आमचे कर्तव्य आहे. गोव्यात आणि आपल्या प्रदेशात दारूबंदी नाही, त्यामुळे मुलांना त्यात वावगे वाटत नाही. पण आपण उतरतो ते वापीला, आणि वापी गुजरातेत आहे. तेथे दारूबंदीचा कायदा लागू आहे. ‘मित्रांसाठी एक बाटली’ पिशवीत निघाली, तर विजयाची रात्र पोलीस चौकीत संपेल. परतीच्या बेतात याही गोष्टीचा समावेश आहे, असे समजावे.

आणि मुलींचे काय? त्यांनी जावे का, असा प्रश्न आमच्याकडे दबक्या आवाजात विचारला जातो. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला आणि स्पेनने कोलंबियाला एका गोलाने हरविले. मैदानात उतरलेल्या त्या मुलींचे वय आपल्या दहावी-अकरावीतल्या लेकींएवढे होते. त्या दोन खंडांतून येथवर खेळावयास आल्या. आपल्या मुलींनी वापीहून तो खेळ पाहायला जाणे, हे काही फार मोठे धाडस नव्हे. मुलांना ज्या अटी, त्याच मुलींना. मुलाला ‘बघू तेव्हा’ चालते आणि मुलीला सारेच नाकारले जाते, हा आपल्या घरांतला जुना दोष आहे. परतीचा बेत दोघांनाही सारखाच पक्का लागतो, हे एकदा मान्य केले, तर मुलीला नकार देण्याचे निम्मे कारण नाहीसे होते आणि मुलाला ढील देण्याचेही.

खर्चाबद्दल थोडक्यात. गटात एकच खजिनदार असावा आणि त्याने निघण्यापूर्वी सर्वांकडून सारखी वर्गणी घ्यावी. ‘मागाहून हिशेब करू’ म्हटल्याने जुन्या मैत्रीत तेढ आलेली आम्ही पाहिली आहे. वर्गणीतला काही भाग बाजूला काढून त्याला हात लावू नये. गाडी चुकली, कोणी आजारी पडले, मुक्काम वाढला, तर तो उपयोगी पडतो. परत आल्यावर उरला, तर पुढच्या सामन्यासाठी ठेवावा. शिदोरी घरची असावी, हे सांगायला नकोच. दशमी, चटणी आणि गुळाची ढेप बरोबर असली, की मध्यरात्रीच्या फलाटावरही घर सोबत असते.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुले बेत घेऊन आली, तर त्यांना वेळापत्रक घेऊन समोर बसवावे. कोणती गाडी, कोठे बदल, रात्री मुक्काम कोणाकडे, सकाळी वापीला आणायला कोण येणार, हे त्यांनाच लिहायला लावावे. ज्याला परतीची ओळ लिहिता आली नाही, त्याला या खेपेस थांबायला सांगावे. ज्याला आली, त्याला आनंदाने जाऊ द्यावे. अशा दोन-चार खेपा नीट पार पडल्या, म्हणजे हीच मुले उद्या नोकरीसाठी, परीक्षेसाठी, आजाऱ्याला घेऊन दूरच्या रुग्णालयात जाताना भांबावणार नाहीत. आणि सामना कसा झाला, हे त्यांना घरी आल्यावर अवश्य विचारावे. निम्मी मजा सांगण्यात असते, आणि ऐकणारे घर जागे आहे, हे ठाऊक असलेला मुलगा वाटेत रेंगाळत नाही.